राखणारा कुत्रा वेगळा, वळणारा वेगळा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा आटोपून ऊन चढू लागलं की मराठवाड्यातल्या शहरांतून मोबाइलवर एक ठरावीक निरोप फिरायला लागतो. ‘जर्मन शेफर्ड, नर, वय १ वर्ष, फार ॲक्टिव्ह, चांगल्या घरी फुकट देणे आहे.’ अलीकडे त्यात बॉर्डर कोली आणि बेल्जियन मॅलिनॉय ही नावंही दिसतात. खाली येणारे सल्लेही ठरलेले असतात. ‘धनगराला देऊन टाका, मेंढ्या राखायचंच कुत्रं आहे ते.’ ‘आमच्या शेतातल्या आखाड्यावर आणून सोडा, मोकळं रान आहे.’ सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण असं कुत्रं वाचवायचं असेल, तर नेमके हेच दोन सल्ले आधी बाजूला ठेवावे लागतात. सोडून दिलेल्या कुत्र्यांना घर मिळवून देण्याचं काम आम्ही काही जण करतो. ते सल्ले का चुकतात आणि त्याऐवजी काय करायचं, हे सविस्तर मांडायचं असल्यानं जागा थोडी जास्त मागतो आहोत.

आपल्या भाषेत जनावरं राखणं आणि जनावरं वळणं हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि कुत्र्यांच्या बाबतीत सगळा घोटाळा हे दोन शब्द एक मानल्यानं होतो. धनगराच्या वाड्यावरचं कुत्रं राखणीचं असतं. दिवसा ते मेंढरांबरोबर चालतं, रात्री वाड्याभोवती पडून राहतं, लांडग्याची किंवा परक्या माणसाची चाहूल लागली की भुंकून उठतं. मेंढरं वळवायचं काम त्याच्याकडे नसतं. ते मेंढपाळ स्वतः हाळी, शीळ, काठी आणि पुढं चालणाऱ्या जनावरांच्या भरवशावर करतो. चांगल्या राखणीच्या कुत्र्याची खूण हीच, की मेंढरू अंगावरून गेलं तरी ते मान उचलत नाही. करवानी आणि पश्मी कुत्र्यांचा प्रकार आणखी निराळा. लातूर जिल्ह्यातलं जानवळ त्यांच्यासाठी ओळखलं जातं, पण ती नजरेनं सावज हेरून धावणारी कुत्री आहेत.

बॉर्डर कोली मेंढरू बघून शांत बसूच शकत नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात ही जात घडली. १८९३ साली जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या नराला तिचा मूळपुरुष मानतात. शिकार करणाऱ्या जनावराच्या हालचालींची एक साखळी असते: टक लावणं, दबकत जाणं, पाठलाग करणं, पकडणं, मारणं. तिथल्या मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत पहिल्या कड्या धारदार केल्या आणि शेवटच्या दाबल्या. दाबल्या, पुसल्या नाहीत, हे लक्षात ठेवावं लागतं. जर्मन शेफर्डचं काम याहून वेगळं होतं. १८९९ साली फॉन श्टेफानिट्झ या जर्मन लष्करी अधिकाऱ्यानं या जातीची नोंदणी सुरू केली. कुंपण नसलेल्या शेतांच्या कडेनं मेंढ्या चरायच्या आणि कुत्रं दिवसभर बांधावरून येरझारा घालत पिकात तोंड घालणारी मेंढी आत लोटायचं. ते चालतं-फिरतं कुंपणच होतं. गेटपासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून गेटपर्यंत दिवसभर फेऱ्या मारणारा तुमच्या गल्लीतला जर्मन शेफर्ड वेडा झालेला नसतो. कुंपण नसलेल्या शेताची तो राखोळी करत असतो.

आता असं न शिकवलेलं कुत्रं मेंढरांच्या वाड्यावर सोडल्यावर काय होतं ते बघा. टक लावून, मान खाली घालून येणारं जनावर म्हणजे मेंढराच्या लेखी लांडगा. कळप फुटतो, कोकरं तुडवली जातात, गाभण मेंढ्या गाभडतात. कुत्रं मागच्या पायाला चावतं आणि जखम लोकरीखाली दडते. दोन दिवसांनी आळ्या पडल्यावरच ती दिसते. नुकसान त्या मेंढपाळाचं होतं, ज्यानं कुत्रं मागितलेलंही नसतं. वाड्यावरची जुनी कुत्री नव्या नराला टिकू देत नाहीत ते वेगळंच. लांब केसांत कुसळं आणि गोखरू अडकतात. कुसळ बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरलं की आत सरकत जातं आणि पू होतो. मेंढरं वळायला कुत्रं शिकवणं हे जाणत्या माणसाचं, महिनोन् महिने चालणारं काम आहे. ते शिकवणारा माणूस समोर नसेल, तर कुत्र्याची जात मेंढपाळी आहे एवढ्यानं काही साधत नाही.

आखाड्याचं बोलायचं तर, जिथं घरचं कुटुंब बारा महिने राहतं तो आखाडा फार चांगलं घर ठरू शकतो. पण बहुतेक आखाड्यांवर संध्याकाळी मालक मोटारसायकलला किक मारून गावात येतो, आणि कुत्रं साखळीला राहतं. ज्या कुत्र्याला माणसाकडं बघत काम करायला घडवलं, त्याच्यासाठी माणूस नसलेलं दहा एकर रान म्हणजे मोठा पिंजरा. शिवाय धोके आहेत आणि ते मोजून घ्यावेत. कठडा नसलेली विहीर. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं: पाणी प्यायला उतरलेलं कुत्रं त्या निसरड्या कागदावरून वर चढूच शकत नाही, पोहून पोहून दमतं आणि बुडतं. त्यासाठी तळ्याला जाळीचं कुंपण हवं, आणि चारही बाजूंनी नायलॉन जाळीचे पट्टे काठाला पक्के बांधून पाण्यात सोडलेले हवेत. थायमेट या कीटकनाशकाची उघडी पुडी, फवारणीच्या पंपाजवळचं सांडलेलं पाणी, रानडुकरांसाठी ठेवलेलं विष किंवा तारेत सोडलेला करंट. घोणस आणि नाग. आणि शेजारच्या वावरातल्या शेळ्या. शेळीला एकदा चावा बसला की भांडण माणसांत लागतं आणि शेवट कुत्र्याचा होतो.

मग योग्य घर कोणतं? आमच्या मते जागेपेक्षा माणसाच्या दिवसाचं गणित आधी बघावं. घरातल्या एका प्रौढ माणसाकडं रोज दीड ते दोन तास या कुत्र्यासाठी आहेत का, आणि ते बाराही महिने राहणार आहेत का, हा पहिला प्रश्न. छोटं अंगण आणि वेळेचा पक्का माणूस असलेलं घर हे मोठ्या बंगल्यापेक्षा उजवं ठरतं.

हे दोन तास कसे घालवायचे, यातही गैरसमज आहे. ‘दमवा, मग शांत होईल’ म्हणून लोक कुत्र्याला मोटारसायकलमागं पळवतात किंवा तासभर चेंडू फेकतात. पळवल्यानं दम वाढतो, आणि महिनाभरानं त्याच कुत्र्याला दुप्पट पळावं लागतं. चेंडूचं आणखी वाईट आहे. पाठलागाची कडी सारखी चेतवत राहिली की कुत्रं चेंडू नसतानाही त्याच अवस्थेत राहतं. मग ते सावल्यांमागं, भिंतीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यामागं धावू लागतं. मोबाइलच्या काचेचा किंवा लेझरचा उजेड हलवून मुलं कुत्र्याला खेळवतात, ते या जातींच्या बाबतीत कटाक्षानं बंद ठेवावं. एकदा लागलेली ही सवय सुटायला फार जड जाते. साधारण आखणी अशी असावी: पहाटे ४५ मिनिटं लांब दोरीवर हुंगत, थांबत चालणं, दिवसात तीनदा १० मिनिटं डोक्याचं काम, संध्याकाळी पुन्हा ४५ मिनिटं, मधल्या वेळात सक्तीची विश्रांती. डोक्याचं काम म्हणजे महागडी खेळणी नव्हेत. मूठभर उकडलेल्या चिकनचे किंवा फुटाण्याएवढे भाकरीचे तुकडे जुन्या पोत्याच्या घड्यांत लपवा आणि ‘शोध’ म्हणा. १० मिनिटं नाक चालवलं की कुत्रं जेवढं निवतं, तेवढं अर्धा तास पळूनही निवत नाही.

आणि निवांत बसणं हेही शिकवावंच लागतं. त्यासाठी एक घोंगडं ठरवून घ्या. कुत्रं त्यावर बसलं की तुकडा पायांमध्ये घोंगड्यावरच ठेवायचा, हातातून द्यायचा नाही. आधी २ सेकंदांनी, मग ५, मग ३०, असं वाढवत दोन-तीन आठवड्यांत १५ मिनिटांपर्यंत न्या. वाढवताना कुत्रं उठलं, तर रागवायचं नाही. आपण घाई केली असं समजून मागच्या टप्प्यावर जायचं. पाहुणे आले, मुलं अंगणात खेळायला लागली, की हेच घोंगडं घर वाचवतं.

घर शोधायला लागण्याआधी कुत्र्याला किमान १४ दिवस एखाद्या अनुभवी माणसाकडं तात्पुरतं ठेवायला हवं. हे दिवस वाचवले तर पुढं सगळंच फसतं. पहिलं कारण आजाराचं. रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्यात डिस्टेंपरसारखा रोग दबा धरून असू शकतो. घरातल्या दुसऱ्या कुत्र्याजवळ त्याला लगेच नेऊ नये. दुसरं कारण गोचिडांचं, आणि त्यावर थोडं थांबून लिहितो, कारण सर्वांत जास्त फसगत इथं होते. आपल्याकडं गोचीड ताप सर्रास आढळतो. अशा कुत्र्याचं अन्न तुटतं, ते एका कोपऱ्यात पडून राहतं, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत, गुणी कुत्रं! त्या शांतपणावर भाळून एखादं वयस्कर जोडपं त्याला घेऊन जातं. रक्ततपासणी आणि डॉक्सीसायक्लिनचा साधारण २८ दिवसांचा कोर्स झाला, की महिन्याभरानं खरं कुत्रं जागं होतं आणि ते त्या घराला पेलत नाही. म्हणून रक्तातल्या पेशी, विशेषतः प्लेटलेट, तपासल्याशिवाय स्वभावाबद्दल एक शब्दही लिहू नये. औषध चौथ्या-पाचव्या दिवशी, जेवायला लागलं म्हणून बंद करू नये, ताप उलटतो.

गोचिडांसाठी आणि खरजेसाठी खेड्यापाड्यांत सरळ आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात, गुरांचंच. लांब तोंडाचा केसाळ कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरात एक जनुकदोष मोठ्या प्रमाणावर असतो. त्यामुळं हे औषध मेंदूपर्यंत पोचतं. कुत्रं झिंगल्यासारखं चालतं, आंधळं होतं, बेशुद्ध पडतं, मरतंही. बॉर्डर कोली आणि जर्मन शेफर्डमध्ये हा दोष कमी असला, तरी रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याचा वंश कोणाला ठाऊक? डॉक्टरांना ‘हे मेंढपाळी जातीचं आहे’ एवढं आधी सांगावं आणि गोचिडांसाठी दुसरं औषध मागावं. फ्लुरालानर किंवा अफॉक्सोलानरच्या गोळ्या मिळतात. कुत्र्याला झटके येत असतील तर त्याही डॉक्टरांना विचारूनच.

रेबीज आणि सात-आठ रोगांची एकत्रित लस, जंतांचं औषध आणि नसबंदी एवढं करूनच कुत्रं द्यावं. नसबंदीचं एक व्यवहारी कारण सांगतो. ‘जर्मन शेफर्ड मादी असेल तर लगेच नेतो’ म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना पिल्लं विकायची असतात. नसबंदी झालेली आहे म्हटलं की त्यांचे फोन आपोआप थांबतात. जर्मन शेफर्डचे मागचे पायही तपासून घ्यावेत. उठताना अडखळणं, सशासारखं दोन्ही पाय एकदम टाकून पळणं, बसताना एका बाजूला कलणं दिसलं, तर खुब्याचा एक्स-रे काढा आणि नव्या घराला तो दाखवा. रोज जिने चढायचे असतील तर ते घर त्याच्यासाठी नाही.

स्वभाव बघताना कुत्रं सोडून बघू नये. ५ मीटर दोरीवर धरून, शेळ्यांपासून ३० मीटर अंतरावर उभं करा. कान उभे करून बघितलं आणि हाक मारताच मान वळवली, तर ठीक. मान खाली गेली, एक पाय उचललेला तसाच राहिला, डोळे लवेनात आणि हाक ऐकू येईना, तर जनावरं असलेल्या घरी ते देऊ नये. हेच कोंबड्यांच्या बाबतीत, सायकलींच्या बाबतीत, धावणाऱ्या मुलांच्या बाबतीत करून टिपून ठेवा. जेवताना जवळ गेलं तर अंग ताठ होतं का? कानाला, पंजाला हात लावू देतं का? अर्धा तास एकटं ठेवलं तर काय करतं? मेघगर्जनेला कुठं लपतं? ही एका पानाची नोंद ‘फार प्रेमळ आहे’ या वाक्यापेक्षा शंभरपट कामाची. अवगुण लपवून दिलेलं कुत्रं परत येतं, आणि प्रत्येक परतीनंतर त्याला घर मिळणं अवघड होतं.

धावणाऱ्या मुलांचा मुद्दा गंभीर आहे. ही कुत्री पळणाऱ्या पोराच्या घोट्याला किंवा पोटरीला चिमटल्यासारखी चावतात. त्यांच्या लेखी ते मेंढरू वळवणं असतं. ६-७ वर्षांखालची मुलं असलेल्या घरी असं चावरं कुत्रं देऊच नये, मग ती माणसं कितीही चांगली असोत. आणि दात लागून कातडी फुटली, तर ‘घरचंच आहे, लस झालेली आहे’ म्हणून बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मोटारसायकलवर झेपावण्याची खोड मोडता येते, पण अंतरानं. रस्त्यापासून ३०-४० मीटर दूर उभं राहा. गाडी दिसली की तुकडा, गाडी गेली की तुकडा बंद. कुत्रं गाडी दिसताच तुमच्याकडं वळून बघू लागलं की ५ मीटर पुढं सरका. खाणं नाकारलं तर समजा की आपण फार जवळ आलो. साखळीला हिसके देऊन किंवा मारून ही खोड जात नाही. उलट गाडी आली की मार बसतो, अशी गाठ त्याच्या डोक्यात पडते आणि झेप अधिक जोराची होते.

घर पसंत करण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन बघावंच. भिंत ५ फूट असेल तर हलकी बॉर्डर कोली ती सहज ओलांडते, ६ फूट हवी. गेटखालची फट ४ इंचांहून कमी असावी. नुसती वर सरकणारी कडी नाकानं उघडायला ही कुत्री दोन दिवसांत शिकतात, म्हणून आडवी कडी आणि तिला खिट्टी हवी. घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती लेखी घ्यावी. शिकायला आलेले विद्यार्थी हौसेनं कुत्रं मागतात, त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण परीक्षेनंतर खोली सुटते. त्यांनी कुत्रं पाळण्यापेक्षा रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या कुत्र्याला फिरवून आणावं. त्याची गरज खूप आहे. घरच्यांना विचारायचे प्रश्न सरळ असावेत. पहाटे साडेपाचला कोण उठणार? लग्नसराईत चार दिवस बाहेरगावी गेलात तर कुत्रं कोणाकडं? घरात मांसाहार चालत नसेल तर अंडी, पनीर, तयार खाद्य यांतलं काय देणार? दूध-भाकरीवर २० किलोचं कामाचं कुत्रं पोसलं जात नाही. त्याला रोज सुमारे १,००० ते १,२०० कॅलरी आणि त्यात पुरेसं प्रथिन लागतं. कांदा-लसणाचं कालवण, द्राक्षं, चॉकलेट कधीच नाही. घरातल्या ज्या माणसाला कुत्रं नकोय, त्याच्याशीही स्वतंत्र बोला. बहुतेक वेळा कुत्रं परत पाठवण्याचा निर्णय तोच घेतो.

नेण्याचा दिवसही विचारानं ठरवावा. दिवाळीच्या आसपास नाही, घरात लग्न असताना नाही. बरोबर लसीकरणाचं पुस्तक, आधीच्या जागेच्या वासाची चादर, ७ दिवस पुरेल इतकं सवयीचं खाणं द्यावं. आणि एक गोष्ट जी नेहमी राहते: त्याला कळणाऱ्या शब्दांची यादी. ‘सिट’ आणि ‘रुको’ ऐकत वाढलेल्या कुत्र्याला ‘बस’ आणि ‘थांब’ कळत नाही, आणि घरचे म्हणतात, ऐकतच नाही. आधी नवा शब्द, लगेच जुना शब्द, असं आठवडाभर केलं की ते मराठी शिकतं.

पळून जाण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत मोठा असतो. म्हणून गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हीला वेगवेगळी दोरी, आणि पट्ट्यावर फोन नंबर. गुरांचं खरबरीत दावं वापरू नये, हात आणि कुत्र्याची मान दोन्ही सोलतात. चपट्या नायलॉन पट्टीची १० मीटर दोरी घ्यावी. पहिले तीन दिवस पाहुणे, शेजारी, फोटो काहीही नको. कुत्रं जेवलं नाही तरी घाबरू नये, पाणी पीत आहे ना एवढं बघावं. तीन आठवड्यांत ते घराच्या वेळा ओळखतं. खरा स्वभाव आणि खऱ्या खोड्याही तेव्हाच वर येतात, आणि नेमकं त्याच सुमारास ‘आधी बरं होतं, आता बिघडलं’ असा फोन येतो. हे होणारच, हे आधीच सांगून ठेवलं तर निम्मे परतावे टळतात असा आमचा अनुभव आहे. घरात पुरतं रुळायला तीन महिने धरावेत. कुत्रं देणाऱ्यानं तिसऱ्या, दहाव्या, एकविसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी स्वतःहून फोन करावा. करारात एक ओळ ठळक असावी: जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडंच परत आणायचं, कारण विचारलं जाणार नाही.

उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. काम करायला घडवलेलं कुत्रं स्वतःहून थांबत नाही, ऊन लागून पडेपर्यंत पळतं. एप्रिल-मे मध्ये सकाळी ७ च्या आत आणि संध्याकाळी ७ नंतरच बाहेर. हाताचा तळवा डांबरावर ७ सेकंद टेकवता आला नाही, तर पंजेही टेकवू नयेत. २० किलोच्या कुत्र्याला एरवी रोज लिटर-सव्वा लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत हा हिशेबही आधी व्हायला हवा. दुहेरी केसांचं कुत्रं भादरू नये. खालचा मऊ थर विंचरून काढावा, वरचे केस ऊन अडवतात. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लडखडली, तर ऊन लागलंय. आधी सावलीत घेऊन अंगभर साधं पाणी ओता, पंखा लावा, आणि पाणी ओतत ओततच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. गुदद्वारातलं तापमान १०३ फॅरेनहाइटवर आलं की पाणी थांबवा.

हा प्रश्न सुरू कुठं होतो, हेही थोडक्यात. पिल्लू दीड महिन्याचं असताना घरी येतं. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी मनाई आहे, आणि प्रजनन करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारणारं गिऱ्हाईक मात्र क्वचितच असतं. आठव्या ते अठराव्या महिन्यात कुत्रं वयात येतं, आईबापाचं काम अंगात उसळतं, आणि घरच्यांचा धीर सुटतो. तोवर त्याला साखळीला बांधून ठेवलेलं असतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं कलम ११ आखूड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणं, सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं आणि उपाशी मरायला सोडून देणं, हे तिन्ही गुन्हे मानतं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तो कित्येक दशकं तेवढाच आहे, आणि तो वाढावा ही मागणी आम्ही करत राहू.

तोवर आपल्याकडून एक गोष्ट होऊ शकते, म्हणून ही विनंती. छोट्या जाहिरातींत ‘कुत्रा फुकट देणे आहे’ एवढाच मजकूर न छापता जाहिरातदाराकडून चार गोष्टी मागून घ्याव्यात: नसबंदी झाली आहे का, रेबीजच्या लसीची तारीख, मुलं आणि जनावरं यांच्याशी कुत्र्याचं वागणं, आणि घर बघूनच देणार का. चार ओळी वाढतील. ‘फुकट’ हा शब्द मात्र काढून टाकावा. त्या शब्दावर साखळी आणि रिकामा आखाडा असलेला माणूस सर्वांत आधी फोन करतो.

आपले,
सोडलेल्या कुत्र्यांच्या पुनर्वसनाचं काम करणारे काही कार्यकर्ते,
लातूर